लाल ठिपका

माझा मामा शिलाईच्या कारखान्यात सुपरवायझर. आवाज असा, की सगळ्या मशिनांच्या खडखडाटावर ऐकू जावा. पण तो कधी चढवला नाही. सकाळी प्रत्येक मशीनपाशी जाऊन उभा राहायचा. "पोराचा ताप उतरला का?" "चष्मा बदललास वाटतं." एवढंच. त्या दोन शब्दांवर माणसं दिवसभर जीव तोडून राबायची.

मग कंपनीने मशिनांना सेन्सर लावले आणि मामाच्या हातात टॅब दिला. मशीन चालू, ठिपका हिरवा; थांबलं, की लाल. साहेब म्हणाले, "आता फिरायची गरज नाही. वरच्या केबिनमध्ये बसून टीम सांभाळा." मामाने ते कानाआड केलं. महिनाअखेरीस तो ज्यांच्यापाशी जास्त थांबला, नेमकी त्यांनाच ताकीद मिळाली. बोलायचं तर माणूस मशीन थांबवणारच! एवढी अक्कल टॅबला नव्हती, आणि साहेबांना असून उपयोग नव्हता.

शेवटी शर्टांची काजं करणारी, कारखान्यात सगळे जिला ताई म्हणायचे, तीच बोलली. तिला हे काम मामानेच शिकवलेलं. मान वर न करता म्हणाली, "मामा, तुम्ही इथे येत जाऊ नका ना. तुमच्यापायी आम्हाला बोलणी बसतात."

त्या दिवशी मामा जेवला नाही. मामीने कारण विचारलं, तर तिच्यावरच खेकसला. दुसऱ्या दिवसापासून तो गुपचूप केबिनमध्ये बसू लागला.

एके दुपारी ताईचा ठिपका लाल झाला. मामा उठला, आणि परत बसला. मेसेज पाठवला, "ताई, काम सुरू करा." मग आणखी एक. बऱ्याच वेळाने झाडूवाली धावत वर आली, "अहो मामा, ताई पडलीय!"

ती मशीनवरच कोसळली होती. आजूबाजूच्या बायकांना दिसत होतं. पण उठलं, की त्यांचा ठिपका लाल. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांची कीवही येते.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका; वेळेवर आणलं असतं तर उजवा हात वाचला असता. साहेब म्हणाले, "एवढं होऊनही बाकीची लाइन थांबली नाही. शाबास!"

"तू उठून गेला का नाहीस?" मी मामाला विचारलं.

"ती नको म्हणाली होती ना."

आता तो रोज दवाखान्यात तिच्या खाटेपाशी जाऊन उभा राहतो. तिथे कितीही वेळ थांबलं तरी चालतं.