आर्किटेक्ट, इंटिरियरवाली आणि मधली भिंत

माझा आवाज मोठा आहे हे मी वेगळं सांगायची गरज नाही. मी जळगावात शिंकलो तर भुसावळच्या यार्डात उभं असलेलं इंजिन दचकून शिट्टी देतं, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच, पण बाकीच्यांनी अजून खोडून काढलेलं नाही. तर असा आवाज असूनही गेली दोनेक वर्षं माझ्या घरात, माझ्या बायकोला माझं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं.

ऐकणं एकदम नाही, हळूहळू गेलं. डॉक्टरांनी तपासलं, कानातलं मशीन दिलं. ते मशीन आमच्या कुकरशी भांडतं. कुकरची शिट्टी झाली की मशीन कानात त्याहून मोठी किंकाळी फोडतं. मग तिने ते दागिन्यांच्या डबीत ठेवलं आणि लग्नकार्यापुरतं घालू लागली, पैठणी नेसावी तसं.

माझी अडचण कानाची नव्हती, घराची होती. आमचं घर बांधलं तेव्हा आर्किटेक्ट वगैरे कोणी नव्हता. मिस्त्रीने प्लॉटवर फक्कीने रेघा मारल्या, 'पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर, मधी भिंत' म्हणाला आणि चहा पिऊन कामाला लागला. ती मधली भिंत अशी जाड की पलीकडे लग्न लागलं तरी अलीकडे अक्षता पोचणार नाहीत. आमच्या घरातलं सगळं बोलणं हॉलमध्ये होतं. भाव, राजकारण, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, सगळं. पूर्वी बायको कणीक मळतामळता आतून उत्तरं द्यायची, मध्येच पीठ लागलेल्या हाताने दारात येऊन उभी राहायची. आता ती चहाचा ट्रे ठेवायची आणि परत जायची. हॉलमध्ये हशा झाला की ती जरा उशिराने हसायची, इतरांकडे बघून. मग तेही बंद झालं. माणूस घरात असतो आणि घराच्या बाहेर बसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं, तेही स्वतःच्या घरात.

म्हणून मी ठरवलं की तिचं स्वयंपाकघर नवं करायचं. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. स्वयंपाकघर इतकं देखणं करायचं की तिथे एकटं बसलं तरी करमलं पाहिजे.

आता बोलवायचं कोणाला, इथून महाभारत सुरू झालं. धुळ्याची माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, फोनवर म्हणाली की इंटिरियरवालीच बोलव, भिंती तर उभ्याच आहेत. अक्काने स्वतःच्या घराला असं खोटं छत करून घेतलंय की त्याखाली बसलं की आता कोणीतरी येऊन आपल्याला आहेर करील असं वाटतं. बोदवडचा मेहुणा, बायकोचा भाऊ, मात्र अडून बसला. त्याचं म्हणणं, घर तीस वर्षांचं झालंय, आधी हाडं तपासा, मग पावडर लावा. त्यासाठी आर्किटेक्ट. दोघांमधला फरक मला विचाराल तर माझी समजूत एवढीच होती की एक तोडतो आणि दुसरी झाकते.

अक्काने इंटिरियरवाली शोधली, मेहुण्याने आर्किटेक्ट. आणि मी काय केलं, तर दोघांनाही एकाच रविवारी भरिताला बोलावलं.

यात चूक काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे कामाचं बोलणं कोरड्या तोंडाने करत नाहीत. त्यातून हिवाळा, बामणोदची वांगी आलेली, मेहुण्याने शेतातून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा आणलेला. जाळ एकच लागतो, मग पाहुणे दोन ठिकाणचे का असेनात. पण भरिताला बोलावलेल्या माणसाला आमच्याकडे 'नाही' म्हणता येत नाही. जीभ वळतच नाही. इंटिरियरवाली आधी आली. पोरगी तरतरीत, हातात टॅब. स्वयंपाकघरात जाऊन तिने बायकोला चित्रं दाखवली. बायको ओट्याकडे तोंड करून पुऱ्यांचं पीठ भिजवत होती. पोरीने मागून विचारलं, कोणता रंग आवडेल. बायकोने मान हलवली. हिरव्याला हलवली, पांढऱ्याला हलवली, जांभळ्यालाही हलवली. मी म्हणालो, झकास, काम तुमचंच, आधी जेवून घ्या. नंतर आर्किटेक्ट आला. भुसावळचा, पिकल्या केसांचा, कमी बोलणारा. त्याने भिंती ठोकल्या, गच्चीवर जाऊन आला, खांबाला कान लावून उभा राहिला. मला वाटलं आता खांब त्याला काहीतरी सांगणार. त्यालाही मी म्हणालो, काम तुमचंच, आधी जेवून घ्या.

मागच्या अंगणात दोघं समोरासमोर आले तेव्हा मी वांगी उलटीपालटी करण्यात इतका गढून गेलो की माझ्याकडे बघायची कोणाची टाप नव्हती.

भरीत आमच्याकडे पुरुष करतात. वांगी भाजणं, सालं काढणं, खोल लाकडी भांड्यात मिरची आणि लसूण घालून ठेचणं, सगळं पुरुषांचं. त्या दिवशी पुऱ्या तळायला अक्का बसली होती, धुळ्याहून खास, ती आली की चूल ताब्यात घेतेच. त्यामुळे बायकोला काही काम नव्हतं. ती खुर्ची घेऊन जाळाशी बसली. आम्ही सगळे गोल. दुपारचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर.

मेहुण्याने रावेरच्या केळीच्या ट्रकची गोष्ट सुरू केली. ट्रक चढावर अडकला, तो ओढायला ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर अडकला, तो ओढायला दुसरा ट्रक आला. त्यात मी जेसीबी घातला, कारण गोष्ट कमी पडत होती. आणि बायको म्हणाली की जेसीबी ओढायला तुमचा आवाज लावला असता तर बठ्ठं एका दमात निघालं असतं. बठ्ठं म्हणजे सगळं, हा शब्द तिने अक्काकडे बघून मुद्दाम धुळ्याच्या थाटात म्हटला. अक्काच्या झाऱ्यातली पुरी परत कढईत पडली. सगळे हसले. बायकोही हसली, सगळ्यांबरोबर, एक क्षणही मागे नाही.

मी मुसळ खाली ठेवलं. तिच्या कानात मशीन नव्हतं.

इंटिरियरवाली पोरगी हुशार. तिनेही पाहिलं असावं. ती उठून बायकोच्या समोर येऊन बसली आणि तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला, काकू, स्वयंपाकघराला रंग कोणता देऊ.

 बायको माहेरच्या बोलीत बोलली की समजावं, मनातलं बोलतेय.

"रंग तू कोणताबी दे, माय. मले तोंडं दिसली पाहिजेत. तोंड दिसलं का समजते मले. मागून बोललं का भिंत बोलल्यावानी वाटते."

 मेहुण्याने जाळात दोन पऱ्हाट्या सरकवल्या.

"आन् ह्यांच्या मिशीचं काहीतरी करा," ती म्हणाली. "ती तं भिंतीहून जाड आहे."

आर्किटेक्टने, जो तासभर काही बोलला नव्हता, पुरीचा तुकडा मोडत शांतपणे सांगितलं, "मिशी इंटिरियरमध्ये येते. भिंत माझ्याकडे."

पोरगी हसली आणि म्हणाली की खरंय, भिंती कुठे असाव्यात हे ठरलं की तिचं काम सुरू होतं, ते ठरवणं तिचं नाही. तिने टॅब पिशवीत टाकला. मग आम्ही सगळे, हाताला भरीत लागलेलं, वरात निघाल्यासारखे स्वयंपाकघरात गेलो. आर्किटेक्टने वर बीम कुठून जातो ते पाहिलं. म्हणाला, भार बीमवर दिसतोय, भिंत अर्धी उतरवता येईल, पण तपासून घेतल्याशिवाय कोणी हातोडा लावायचा नाही. मग त्याने बायकोला समोर येऊन विचारलं, वहिनी, तुम्ही कणीक मळता तेव्हा उभ्या कुठे राहता. तिने उभं राहून दाखवलं. म्हणाला, आता वळा, हॉलकडे तोंड करा. ती वळली. समोर भिंत होती. त्याने भिंतीवर, तिच्या कमरेच्या जरा वर, पेन्सिलने रेघ मारली. म्हणाला, ओटा इथे येईल आणि याच्यावर काही नाही.

पोरीने जाताजाता एक गोष्ट सांगितली, ती मला आयुष्यात सुचली नसती. आमचा सोफा खिडकीला पाठ लावून होता. तिथे बसलेल्याचं तोंड काळं दिसतं, म्हणाली, उजेड मागून येतो. काकूंना ओठ दिसायचे असतील तर सोफा समोरच्या भिंतीला न्या.

अशा रीतीने माझे दोन होकार त्या दोघांनी दुसऱ्या वाढपात आपसांत वाटून घेतले. आधी तो, मग ती. अक्काने मात्र कढईजवळूनच विचारलं, "मंग सीलिंग नही का?" तिला अजूनही वाटतं की आमचं काम अर्धवट राहिलं.

तपासणी झाली आणि भिंत उतरली. धूळ एवढी उडाली की रावेरची केळी आठवडाभर राखाडी दिसत होती, कोणालाही विचारा. गॅस व्हरांड्यात गेला, आम्ही महिनाभर विटकरीच्या चवीची खिचडी खाल्ली. मिशीही त्याच आठवड्यात गेली. न्हाव्याने वस्तरा लावण्याआधी माझी परवानगी पुन्हा विचारली, इतकी ती जुनी होती.

काम संपल्यावरच्या पहिल्या रविवारी हॉल भरला. मेहुणा आला, शेजारचे दोघे आले, चहा झाला. बायको नव्या ओट्यामागे उभी, आमच्याकडे तोंड करून, कणीक मळत होती. कोण बोलतंय त्याच्याकडे बघत होती, या तोंडावरून त्या तोंडावर, क्रिकेटचा सामना बघावा तशी. मी आवाज खाली आणला होता, कारण तिला आवाज नको, ओठ हवेत. मी हळू बोलतो म्हणून शेजारच्याने माझी तब्येत विचारली. आम्ही केळीचा भाव बोललो, पाणी कधी येणार ते बोललो, पुन्हा केळीचा भाव बोललो, कोणाच्या तरी गाडीच्या क्लचबद्दल बराच वेळ बोललो.

बायकोने मळणं थांबवलं.

"एवढंच बोलता का तुमी?" ती म्हणाली. "दोन वर्षं मले वाटलं, माह्यं किती काय हुकून राहिलं."

 आम्ही चार बाप्यांनी रिकामे कप पुन्हा तोंडाला लावले.

तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं, हात धुतले, ओट्याला वळसा घालून आली आणि मला म्हणाली, सरका. मी सरकलो. ती सोफ्याच्या मधोमध बसली, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात, आणि बोदवडच्या तिच्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेवाची घोडी भलत्याच मांडवात कशी शिरली, ते सांगायला लागली. दुपारचे दोन वाजले तरी घोडी अजून मांडवातच होती. पोळ्या कोणी केल्या नाहीत. कोणी मागितल्याही नाहीत.