बाहुलीचा झगा

कम्प्युटरातल्या बाईला कपडे घालणारी माणसं असतात. त्यातलं एक माझ्याच घरात जेवत होतं, म्हणून मला माहीत. माझी धाकटी बहीण.

उमरखेडला बस स्टँडच्या मागं एक इंटरनेट कॅफे होता. पुढं झेरॉक्सची मशीन, आत पडदे लावलेले कम्प्युटर. बारावी झाल्यावर ती तिथं लोकांचे फॉर्म भरून द्यायच्या कामाला लागली. गिऱ्हाईक नसलं की मालक तिला एक कम्प्युटर वापरू द्यायचा, अन् त्यात म्हणे एक दुनिया होती. त्या दुनियेत प्रत्येकानं आपली एक बाहुली करायची, तिला नटवायचं अन् दुसऱ्यांच्या बाहुल्यांत नेऊन हिंडवायचं. झालं. कामाला नाही, बाजाराला नाही, नुसतं नटून हिंडायचं. आमच्या वस्तीत अशा बाईला काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

मी लेडीज टेलर. बाबांची नजर गेली तेव्हा मी दहावीतून उठून त्यांच्या मशीनवर बसले, ती बसलेच. मला त्या बाहुलीचा राग आला तो टेलर म्हणून आला. एकदा जेवणाचा डबा द्यायला कॅफेत गेले होते तेव्हा बहिणीनं मला ती दाखवली. कमर माझ्या मनगटाएवढी. पाय निम्म्या अंगापेक्षा लांब. बहिणीनं बोट दाबलं की अंगावरचा ड्रेस गायब, दुसरा हजर. हिला घाम येत नाही, हिची काख फाटत नाही, ही पोटभर जेवत नाही, बाळंत होत नाही. हिचं माप चुकणार तरी कसं? मी इथं दिवाळीला शिवलेलं पोलकं संक्रांतीला उसवून देते, अन् ही भवानी दिवसाला बारा ड्रेस बदलते.

"कशी दिसून राह्यली, ताई?" बहीण म्हणाली.

"उपाशी," मी म्हटलं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. पेपरवाले मोठाल्या गाड्या घेऊन खेड्यात यायचे, नवरा गेलेल्या बायांना दारात बसवून फोटो काढायचे अन् चहा पिऊन जायचे. त्यांच्या अंगावर कडक सुती कुडते असायचे. कापूस पिकवणारा आमचा जिल्हा, अन् माझ्या दुकानात बायका आणायच्या पॉलिस्टर, तेही जुनं. आईची साडी फाडून लेकीला ड्रेस शिव. काखेत मुंढा आवळतो, त्याला जोड दे. नव्या कापडाला कात्री लावून महिना महिना होत होता. अशा दिवसांत घरी येऊन बहीण सांगायची, आज तिनं बाहुलीला मखमलीचा कोट घातला. मी म्हणायची, "घाल बाई, उमरखेडच्या उन्हात मखमल बरीच."

बाकीच्या बाहुलीवाल्यांना बहिणीची नजर आवडायची म्हणे. कोणकोणत्या देशातले लोक तिला विचारायचे, आमच्या बाहुलीला काय घालू. एकदा बक्षीसही मिळालं. काय, तर बाहुलीला सँडल. मायनं वस्तीत ते पाच घरी सांगितलं, अन् सँडल कुठं आहे असं कोणी विचारलं की कम्प्युटरात आहे म्हणायची. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

एकदाच मी हरले. एप्रिलात जयंतीला आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरीबाया पांढऱ्या साड्या नेसतात. बहिणीला वाटलं, बाहुलीनंही नेसावी. त्या अख्ख्या दुनियेत साडी नव्हती. गोऱ्यांच्या दुनियेत कशाला असेल? मग तिनं एक पांढरा घोळदार झगा घेतला, त्यावर तिरपी ओढणी, खाली आणखी एक घागरा, असं एकावर एक चढवत नेलं, अन् मी पाहिलं तं खरंच पदर होता. निऱ्या होत्या. कापूस हातात न घेता पोरीनं साडी केली होती. मला ते आवडलं. आवडलं म्हणून मी जास्तच लागट बोलले. "सेफ्टीपिन कुठं लावली?" असं विचारून निघून आले.

त्याच उन्हाळ्यात कोणाचा तरी फॉर्म भरताना तिला नागपूरच्या एका कॉलेजची जाहिरात दिसली. कपडे डिझाइन करायचं शिकवतात. गरिबाच्या पोरीला फी माफ. मुलाखतीला दोन गोष्टी आणायच्या: आपली चित्रं, अन् त्यातल्या एका चित्रावरून शिवलेला ड्रेस. ड्रेस कॉलेजच्या पुतळीला घालून बघणार होते, तिचं माप जाहिरातीतच दिलेलं होतं. वयाच्या अटीत ती यंदाच बसत होती, पुढच्या वर्षी नाही.

ती चित्र घेऊन माझ्याकडं आली. बाहुलीवरचाच ड्रेस तिनं कागदावर काढला होता, पुढून, बाजूनं, मागून. उंच बंद गळा, लांब चिटकून बसणाऱ्या बाह्या, कमरेला आवळ, खाली सोळा कळ्यांचा घेर. एकेक कळी मोजून काढलेली.

"तू शिवून देशीन, ताई? म्या शिवलं असतं, पण मले येत नाई."

येणार कुठून? मी तिला मशीनला हात लावू दिला नव्हता. टेलरची कात्री दुसऱ्याच्या हातात जात नाही, तिला एका हाताची सवय लागते, हे बाबांचं सांगणं. कात्रीपुरतं ते खरंही आहे. मी त्यात मशीन, टेप, खडू, सगळं कोंबलं होतं. एवढी एक गोष्ट माझी होती, ती मला कोणाशी वाटून घ्यायची नव्हती.

मी चित्र मशीनवर पसरलं अन् मला लगेच दिसलं. ड्रेसला उघडायला जागाच नव्हती. चेन नाही, हुक नाही, बटणपट्टी नाही, मागं चीर नाही. बाहुलीला कशाला लागते? बोट दाबलं की कपडा अंगावर. इतकी वर्षं बाहुलीला नटवून पोरगी विसरली होती की माणूस कपड्यात शिरतं कुठून तरी.

कोणतंही गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिलं विचारतो, "चेन मागून टाकू की बाजूनं?" माझ्या तोंडात तो प्रश्न आला होता. मी तो गिळला. म्हटलं, लय नाकानं कांदे सोलते ना, जाऊ दे. चित्रात आहे तसंच शिवते, एक टाका इकडंतिकडं नाही. हसतील चार लोक, येईल जमिनीवर. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. ती नागपूरला जाईल अन् मी इथं दुसऱ्यांच्या काखा उसवत बसेन, हे मला सहन होत नव्हतं.

कापड मात्र मी चांगलं आणलं. सुती, निळं, जाड विणीचं, जराही न ताणणारं. पंधरा दिवस लागले. सोळा कळ्या, आतून अस्तर, प्रत्येक जोडावर दोनदा शिलाई. शिवताना मला स्वतःचाच अभिमान वाटत होता, इतका निर्लज्जपणा. पुतळीचं माप बहिणीच्या अंगापेक्षा बारीक, त्यामुळं घालून पाहायचा प्रश्न आला नाही. दुकानात पुतळी नव्हती. मी इस्त्री करून घडी घातली, जुन्या धुतल्या चादरीत बांधून दिली. माय म्हणाली, काय देखणा झगा झाला व. बहिणीनं माझे पाय धरले. मी धरू दिले.

पहाटेच्या एसटीनं ती गेली अन् दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. सरळ दुकानात. गाठोडं टेबलावर ठेवलं.

चित्रं त्यांना आवडली होती, म्हणाली. एका मॅडमनं दुसरीला बोलावून दाखवली. मग म्हणाल्या, ड्रेस पुतळीला घाल. हिनं वरून घालून पाहिला, खांद्यावर अडकला. पुतळी उलटी करून खालून चढवायला गेली, तर गळ्यातून पुतळीची कंबरही शिरेना. बाकीच्या पोरी आपापले ड्रेस घेऊन रांगेत उभ्या, बघत होत्या. शेवटी एका मॅडमनं जोर लावून ओढला. पण शिलाई उसवली नाही. माझी शिलाई कशी उसवेल? उसवली असती तर निदान अंगावर तरी गेला असता. मॅडम हसून म्हणाल्या, "बेटा, ये पहनेगा कौन?" अन् पुढच्या पोरीचं नाव पुकारलं.

त्या मॅडमचा मला आजही तिटकारा आहे. पोरीची चित्रं हातात असताना तुला चेनीपलीकडचं काही दिसू नये? पण हे म्हणायचा मला हक्क नाही, हेही मला ठाऊक आहे.

मी वाट पाहत होते की आता ती माझ्याकडं बघेल. एवढी कारागीर बाई, तुला दिसलं नाही? असं म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं.

तिनं डोळे पुसले अन् म्हणाली, "तुही मेहनत वाया गेली, ताई. पंधरा दिवस राबली तू. म्याच भैताड. चित्रात काढलंच नाई तं तू कायले लावशीन?"

मायलाही तिनं तेच सांगितलं. वस्तीत कोणी विचारलं तर तेच. कॅफेतली बाहुली तिनं पुन्हा उघडली नाही. आठ दिवसांनी ती माझ्या स्टुलाशेजारी येऊन उभी राहिली.

"मले चेन लावाले शिकव."

मी उठले. तिला मशीनवर बसवलं, कात्री तिच्या हातात दिली. तोच निळा झगा मागून मधोमध उभा कापायला लावला, कडा दुमडायला लावल्या, चेन खाली धरून हळूहळू पाय मारायला सांगितलं. तिचा हात पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा सरळ चालला. सगळं मिळून अर्धा तास लागला नाही. तिनं चेन वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"इतकं सोपं हाये व," ती म्हणाली. "तू मले पयले काहून नाई शिकवलं?"

तेव्हा तरी मला सांगता आलं असतं. दुकानात आम्ही दोघीच होतो.

"तू इचारलं काहून नाई?" मी म्हटलं.

तिनं चेनीजवळ लोंबणारा दोरा कात्रीनं तोडला.

"हव," म्हणाली. "म्याच नाई इचारलं."