चिंचोके आणि चिठ्ठ्या

नाशिकहून जव्हारमार्गे डहाणूला जाणारी एसटी पकडायला निघालो तेव्हा बायकोने धपाट्यांचा डबा हातात ठेवून दारातच बजावलं, "सुहासशी भांडू नका." सुहास तिचा भाऊ, डहाणूला शिक्षक. गावोगाव मतदान यंत्र दाखवत फिरायचं काम सध्या त्याच्या गळ्यात पडलं आहे. मी टेलिफोन खात्यात उभी हयात पेट्या उघडण्यात घालवली. बंद पेटीवर माझा काडीचा विश्वास नाही, हे सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी रोज ऐकवतो. "एकदा डोळ्यांनी बघून जा," असं सुहासने फोनवर सुनावलं, म्हणून हा प्रवास.

घाटात गाडी तापली आणि अर्धा तास रस्त्याकडेला उभी राहिली. तेवढ्यात मी निम्मे धपाटे संपवले. डहाणू आलं ते चिकूच्या वाड्यांतून, दमट वाऱ्यात. शर्ट अंगाला चिकटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपने रानशेतच्या बाजूला एका पाड्यावर (वस्तीवर) गेलो. अगदी आतल्या टोकाच्या घरातल्या लक्षीबायने नागलीची (नाचणीची) भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. चटणी इतकी झणझणीत की मी पाणी मागतच राहिलो. तिसऱ्या तांब्याला ती हसून म्हणाली, "दादा, जरा बेतानं. रस्त्यापलीकडच्या विहिरीवरनं आणलाय." मी ओशाळून तांब्या खाली ठेवला.

सुहासने अंगणात यंत्र मांडलं. बटणांसमोर दोन खोटी चिन्हं होती, छत्री आणि पंखा. पाड्यातले जुने जाणते देवजीबाबा मान हलवत म्हणाले, "खोट्या गोष्टीवर लोकं कायपण दाबतील. खरा सवाल घ्या."

खरा सवाल तयारच होता. पाड्याला हातपंप मिळणार होता, पण तो रस्त्याकडेला बसवायचा की आतल्या घरांजवळ, हे ग्रामसभेआधी ठरायचं होतं. छत्री म्हणजे रस्ता, पंखा म्हणजे आत. सुहास कुरकुरला, मी मात्र खूश झालो. यंत्राला पकडायचा बेतही देवजीबाबांनीच काढला. प्रत्येकाने आधी मोठ्याने आपलं मत सांगायचं, मग पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन बटण दाबायचं. जो जी बाजू सांगेल तिकडे बाबा एक चिंचोका ठेवत गेले.

तीस माणसं झाली. चिंचोके रस्त्याकडे एकवीस, आत नऊ. सुहासने निकालाचं बटण दाबलं. रस्ता बारा, आत अठरा.

"बघा! चोरी!" एक तरणा गडी उठून ओरडला. खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुहासचा चेहरा पडला. मतदान करणाऱ्याला काचेमागे क्षणभर दिसून खाली पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांची पेटी त्याने उघडली आणि बाबांपुढे ओतली. बाबांनी एकेक चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन दोन ढीग लावले. बारा आणि अठरा.

बाया खाली बघत होत्या. लक्षीबाय भाकरीची टोपली उगाच झाकत होती. सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर तिने रस्ता सांगितला होता, तो मी स्वतः ऐकला होता.

"कोनी कोनी आत दाबला, बोला आता!" तरणा गडी पुन्हा कडाडला.

"गप बस," बाबा म्हणाले. "सांगायचा असता तर तोंडानंच सांगितला असता ना?" मग त्यांनी चिंचोके मुठीत गोळा केले. "मशीन नाय, हे चिंचोके खोटे निघाले. पंप आत जाऊ दे. ग्रामसभेत मीच बोलन."

मी चिठ्ठ्या गोळा करून सुहासच्या हाती दिल्या.

नंतर सुहासबरोबर त्याच्या कामासाठी तलासरीला गेलो आणि तिथून पुढे महामार्गावर अच्छाडच्या एका ढाब्यावर जाऊन जेवलो. बाहेर ट्रकांची रांग, आत आमचं भांडण. मी म्हटलं, "एका अंगणातल्या एका यंत्राने देशाचा हिशोब लागत नाही. चिठ्ठ्या मोजल्या म्हणून बाबांना पटलं. सगळीकडे सगळ्या मोजा." तो म्हणाला, "मागा की. मागायलाच हवं. पण मत द्यायला जायचं सोडू नका." मी आणखी एक रोटी मागवली.

घरी पोचल्यावर बायको मी आणलेले चिकू निवडत बसली. मी सगळं सांगितलं. लक्षीबायचं ऐकताना तिचा हात थांबला आणि ती गालातल्या गालात हसली.

लग्नापासून प्रत्येक निवडणुकीला केंद्रावर जाताना मी तिला सांगत आलोय, "आपलं मत याला." ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणाली आहे.

विचारावंसं फार वाटलं. मग देवजीबाबा आठवले, आणि मी गपगुमान तिच्यासोबत चिकू निवडायला बसलो.