हळदीकुंकवाच्या डब्यातल्या गोळ्या

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये राधाबाईंच्या महालक्ष्म्या म्हणजे मानाचं काम. नवरा प्लांटमध्ये क्लार्क होता तेव्हापासून, तीस वर्षं, सोवळ्यात एक चूक नाही. सणात कोणाची पाळी आडवी यायला नको, म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या त्यांच्या हळदीकुंकवाच्या डब्यातच असायच्या. अर्ध्या गल्लीला त्यांनीच वाटल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरकडे कोण जातं!

यंदा त्या गोळ्या सुनेला, मोनालीला दिल्या. बारा दिवस. महालक्ष्म्या जेवल्या, पंगती उठल्या, आणि चौथ्या दिवशी मोनालीची डावी पोटरी टम्म सुजली. फार उभी राहिली असेल म्हणून राधाबाईंनी तेल चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं, शिरेत रक्ताची गाठ झाली आहे.

डॉक्टर रश्मी तिथे अशा गाठी कशाने होतात याचंच संशोधन करत होत्या. त्यांचा फॉर्म लांबलचक. घरात कोणाला होतं का, लांबचा प्रवास, ऑपरेशन, पाळीच्या गोळ्या? मोनालीने तोंड उघडायच्या आत राधाबाई म्हणाल्या, नाही. गल्लीतली रेणू भेटायला येऊन बसली होती. सोवळ्यासाठी दिलेल्या गोळ्यांनीच सून आजारी पडली, अशी शोभा तिच्यादेखत कोण करून घेईल? मग सांगू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

तीन महिने रक्त पातळ करायचं औषध चाललं. मोनालीचं रक्त कुठे कुठे तपासलं, काही निघालं नाही. कारण सापडलं असतं तर औषध आता बंद केलं असतं, डॉक्टर म्हणाल्या. सापडत नाही, तर गाठ पुन्हा होऊ शकते; औषध बहुतेक जन्मभर, आणि या औषधावर दिवस राहणं धोक्याचं. लग्नाला दीड वर्ष झालेली मोनाली ओढणीचं टोक चाळवत राहिली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं राधाबाईंना झालं.

"मॅडम, गोळ्या मीच देल्या तिले. महालक्ष्म्यांसाठी. मी खोटं बोलली."

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. आणखी कोणाला दिल्या, एवढंच त्यांनी विचारलं. राधाबाईंना पहिलं नाव सांगावं लागलं ते रेणूचं. मग डॉक्टर मोनालीकडे वळल्या, तू तरी का नाही बोललीस?

"आई आधीच 'नाही' म्हणून बसल्या होत्या," मोनाली म्हणाली. "चारचौघींत त्याईले खोटं कसं पाडू?"

दाराबाहेर तिने सवयीने सासूच्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या. राधाबाईंना त्या पायात घालवेनात.