झाकलेल्या तारखा

आमच्या प्रयोगशाळेत स्कॅनची चित्रं माझ्याकडे येण्याआधी माझी सहायक शुभांगी त्यांच्यावरच्या नोंदींवर कागदी चिकटपट्टी लावते. कुठल्या उंदराला औषध दिलंय, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. नियम माझाच. कॅन्सरची गाठ मोजताना डोळा लबाडी करतो. औषध दिलेल्या उंदराची गाठ त्याला हटकून लहान दिसते. माणूस आशेला लागला की त्याच्या नजरेचा भरवसा धरू नये. इतक्या वर्षांत मी माझ्या डोळ्यांइतका संशय दुसऱ्या कुणावर घेतला नाही.

आज माझ्या ताईच्या गाठीचे स्कॅन आले, उपचारांआधीचा आणि नंतरचा. "डॉक्टर काहीही म्हणोत, तू बघून सांग गं," ती फोनवर म्हणाली होती. मी दोन्ही शुभांगीकडे दिले.

"तारखा झाक आणि अदलाबदल कर."

बराच वेळ बघून मी म्हटलं, "उजवीकडची लहान आहे."

शुभांगीने पट्टी सोलली. "मॅडम, हाच नंतरचा!"

मला हसू यायला हवं होतं. मी विचारलं, "मी बघत होते तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. तुमच्यासमोर."

ताईला कळवायला हातात घेतलेला फोन मी खाली ठेवला. शुभांगीच्या चेहऱ्यावर पट्टी लावायची राहूनच गेली होती.