आमच्या गच्चीवरचं ऊन

समोरचा टॉवर इतका उंच झालाय, की गवंडी सकाळी चढायला लागतात, जेवायच्या सुट्टीला वर पोचतात आणि लगेच उतरायला लागतात. खोटं वाटत असेल तर वर बघा. माझी मान अजून तशीच अडकली आहे.

उंचीचं मला काही नाही हो. पण त्यानं आमच्या गच्चीवरचं ऊन गिळलं! शेजारच्या लीलाकाकूंनी लेकीच्या रुखवतासाठी कुरडया घातल्या, तर ऊन आलं ते बेल वाजवून पळणाऱ्या कार्ट्यासारखं. कुरडयांना बुरशीची अशी दाढी आली, की न्हावीच बोलवावा. काकू मात्र रडल्या. लग्न तोंडावर आलेलं.

जमिनीला सातबारा असतो, भिंतीला मालक असतो. उन्हाला कुणी नाही, म्हणून ते खुशाल उचलून न्यायचं आणि वर त्याला शहराची प्रगती म्हणायचं?

काल काकूंनी पुन्हा चीक शिजवला, दोन परातींत कुरडया घातल्या आणि मला म्हणाल्या, "एक परात धरा." आम्ही थेट टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये. तिथली मुलगी हसून म्हणाली, "या ना! बाल्कनी बघा, दिवसभर मस्त ऊन!"

"बघितलं गं बाई," काकू बाल्कनीत परात टेकवत म्हणाल्या, "आमचंच आहे ते. संध्याकाळी येते न्यायला. तोवर जरा कावळे हाकल."