पाणी न लागणारी पाकिटं

नांदेडच्या दुकानात अक्काच्या टोपलीतली पाकिटं मी माझ्या हातानं काढून परत फळीवर ठेवली, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. कंधार-मुखेडच्या खेड्यांत आरोग्यसेविकेची नोकरी करून गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. एका उपकेंद्राच्या भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर हिमालयातल्या एका तळ्याचं चित्र. वर्ष संपलं तरी तिनं ते पान कुणाला काढू दिलं नाही. तिथं जायचं, एवढी एकच गोष्ट तिनं उभ्या जन्मात स्वतःसाठी मागितली असेल. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, वर्षा-दोन वर्षांत गुडघे बदलावे लागतील, मग डोंगर विसरा. म्हणजे जायचं तर आत्ताच. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले एक तरुण सर उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं घेऊन तिकडं जातात. अक्कानं त्यांच्याकडं नाव नोंदवलं आणि सोबतीला मला ओढलं.

सरांचे नियम साधे होते. सॅक ज्याची त्यानं पाठीवर न्यायची, चार दिवसांचं जेवणही ज्याचं त्यानं न्यायचं. शेगडी आणि गॅस तेवढा ग्रुपचा.

दुकानात डोंगरावर न्यायच्या तयार जेवणाची दोन फडताळं होती. एकात सुकी पाकिटं: पोहे, उपमा, खिचडी. उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, खा. हातात घेतलं तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतकी हलकी, आणि किंमत बघून माझे डोळेच पांढरे झाले. दुसऱ्या फडताळात शिजलेलं, ओलं जेवण: राजमा-भात, डाळ-भात, छोले. फोडा आणि खा. वेळ पडली तर थंडसुद्धा खा. एकेक पाकीट पाव किलोच्या वर.

अक्कानं टोपलीत सुकी घेतली होती. सरांनीच तसं सांगितलं होतं. मी ती काढायला लागले तेव्हा ती म्हणाली, "अगं, वर पाणी लई हाय म्हणतेत सर."

"म्हणतेत. लातूरलाबी म्हणतेतच, उद्या नळ येतो म्हणून."

दुकानदार हसला. मी हसत नव्हते. माहेर आमचं उदगीरकडचं, पण लग्नानंतर अक्का गोदावरीच्या काठी गेली आणि मी लातूरला. तिच्या घरी नळ सोडून लोक शेजारणीशी गप्पा मारतात. आमच्याकडं आठ-दहा दिवसांनी नळ येतो आणि त्या दिवशी घरातलं कुणी गावाला जात नाही. रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा मी काढलाय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. ज्या जेवणाला आधी पाणी शोधावं लागतं ते जेवणच नव्हे, असं माझं स्वच्छ मत होतं. अक्का नेहमीसारखी गप्प बसली. माझ्यापुढं ती लहानपणापासून गप्पच बसत आली आहे आणि मी त्याला तिची पसंती समजत आले आहे. दोघींची मिळून चोवीस पाकिटं घेतली, सगळी ओली.

तीन दिवसांच्या प्रवासानंतर आम्ही डोंगरातल्या शेवटच्या गावी पोचलो. पहाटे तोंड धुवायला बाहेर आले तर रस्त्याच्या कडेला एका नळीतून मनगटाएवढी धार पडत होती. खाली बादली नाही, माणूस नाही. धार सरळ गटारात. मी धावत गेले आणि तोटी शोधायला लागले. नळी हातानं चाचपत वरपर्यंत गेले. तोटी नव्हतीच. एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चालली होती. तिला मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, हे बंद कसं करायचं? ती म्हणाली, बंद कशाला करायचं? मी तिथंच दगडावर बसले. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण खरं सांगते, आधी राग आला. कुणावर ते कळेना. घरी भाजी धुतलेलं पाणी मी झाडाला घालते, पाहुण्याला अर्धा पेला देते, आणि इथं रात्रभर हे असं चाललेलं.

नाष्ट्याच्या वेळी सरांनी काटा लावून सगळ्यांच्या सॅक तोलल्या. आमच्या दोन्ही सॅकवर त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, यातली निम्मी पाकिटं इथंच ठेवा. माझ्याकडं सुकी जास्तीची आहेत, ती देतो. अक्कांचा गुडघा बघा."

"आणि वर पाणी नसलं तर?"

"मावशी, आपण नाल्याच्या कडेकडेनंच जाणार आहोत."

तरी मी ऐकलं नाही. नळी डोळ्यांनी बघितली होती, पण तोपर्यंत गोष्ट पाण्याची राहिली नव्हती, माझ्या शब्दाची झाली होती. दहा माणसांपुढं मी सरांना लातूर ऐकवलं. वर दोघींच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्याही काठोकाठ भरायला लावल्या. मी भांडत असताना अक्का आमच्या खोलीत सॅक पुन्हा बांधत बसली होती.

चालायला लागलो आणि मला वाटलं तेवढं जड गेलं नाही. सरांना मी दोनदा ऐकवलं, उगीच घाबरवत होता तुम्ही. नाला शेजारून खळाळत होता. त्याच्या कडेनं मी दोन लिटर पाणी पाठीवर घेऊन ताठ मानेनं चालले होते. जेवायची वेळ झाली की अक्का म्हणायची, "थांब, तुझ्या सॅकमधलं काढू आधी," आणि स्वतःच हात घालून पाकिटं काढायची. ती मागं पडत होती. मी वळून म्हणत होते, "अक्का, पाय उचल. तुझ्यासाठीच आलोय ना आपण?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी चढावर ती खाली बसली. बसली ती उठेना. सरांनी तिच्या सलवारीचा पाय वर सरकवला. गुडघा पपईएवढा सुजलेला. मुक्कामाची जागा हाकेच्या अंतरावर होती. दोघांनी तिला हात दिला आणि मी तिची सॅक उचलायला वाकले.

सॅक जमिनीवरून हलली नाही. आधी वाटलं, पट्टा कशात अडकलाय. पुन्हा ओढली. मग तिथंच चेन उघडली. वर एक स्वेटर, त्याखाली पाकिटं, पाकिटांखाली पाकिटं. मी ती बाहेर काढून गवतावर मांडत गेले. अठरा निघाली. आदल्या दिवसापासून आम्ही खाल्लेली सहा तेवढी माझ्या सॅकमध्ये होती. आता माझ्या पाठीवर कपडे, पांघरूण आणि पाणी, एवढंच होतं. ज्या हलक्या सॅकच्या जिवावर मी सरांना टोमणे मारले तिच्यातलं ओझं मी उचललेलंच नव्हतं.

तंबूत गेले तेव्हा ती गुडघ्यावर ओला फडका ठेवून पडली होती.

"का केलंस असं?"

"तुझी कंबर दुखते. आणि तुला हार मानायला लागू नये, त्या पोरापुढं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्या पायावर डोकंही ठेवायचं होतं. दोन्ही जमलं नाही. सरांनी सांगितलं, अक्कांचं तळं आता होणार नाही, त्या इथंच थांबतील. तंबू सांभाळणारा माणूस सोबतीला होता. मी म्हणाले, मीपण जात नाही. तेव्हा मात्र ती चिडली. "मग मी एवढं वाहून कशाला आणलं? जा. बघून ये. नीट बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या पाठीनं चढले.

तळ्याबद्दल काय लिहू? शेवटचा उंचवटा चढून वर आले आणि आ वासून उभी राहिले. पलीकडच्या काठावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. काठाला अजून बर्फ होता, मध्ये निळं-हिरवं पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजता यावेत. मी आयुष्यात एवढं पाणी एका जागी निवांत पडलेलं बघितलं नव्हतं. आणि ते बघायला मी उभी होते, जिनं कधी मागितलंच नव्हतं. मला तिथं उभं राहायची लाज वाटली.

उतरताना मनाशी ठरवलं. सरांना म्हणाले, तळ्याचे फोटो अक्काला दाखवू नका. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं, मग मान हलवली.

अक्का तंबूच्या दारात बसून वाट बघत होती. केस विंचरून बसली होती. "कसं हाय?"

"काय न्हाई गं. उन्हाळ्यातला पाझर तलाव असतो ना, तसलं. जीव टाकावा असं कायबी न्हाई."

"असं?" ती म्हणाली. आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या: रंग कसा, बर्फ होता का. मी सगळं कमी करून सांगितलं. मग तिनं विचारायचं थांबवलं. तिला सुटल्यासारखं वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी आल्यावर आठवड्यानं ग्रुपमधल्या एका मुलीनं सगळ्यांना फोटो पाठवले. तिला काही सांगायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दुपारी अक्काचा फोन आला.

"फोटो बघायलेय. लई मोठं हाय की गं तळं."

"अक्का, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"ओझं मी माझ्या मर्जीनं उचललं. त्याचा राग न्हाई. दुकानात माझी पाकिटं काढलीस, त्याचाबी न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मला तळं दिसलं न्हाई तर न्हाई. तू बघितलेलं तरी ऐकायचं होतं. तंबूत रात्रभर तेच धरून बसले होते मी. पर मला किती द्यायचं, तेबी तूच ठरवलंस."

"आता सांगते ना. पहिल्यापासून सगळं सांगते."

"आता मी फोटो बघितले," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी फोन कानाला तसाच लावून बसले होते. आजवर अक्कानं माझ्याआधी फोन कधी ठेवला नव्हता.